हिरवा रंग कोणाच्या खर्चाने?

मुंबईत शेती होते असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठे? म्हणून आधी तेच सांगते. गोराई-मनोरीला अजून भाताची खाचरं आहेत. आरेच्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबं पावसाळ्यात भात लावतात, भाज्या करतात. रुळांच्या कडेचे पालक आणि लाल माठाचे पट्टे तर लोकलच्या खिडकीतून सगळ्यांनीच बघितलेत, रेल्वेच्या जुन्या 'ग्रो मोअर फूड' योजनेतली ती जमीन. पुढे भाईंदर पश्चिमेला राई, मुर्धा, मोर्वा, त्यापुढे उत्तन, आणि खाडी ओलांडली की वसईचा पश्चिम पट्टा, म्हणजे नायगावच्या पुढे उतरून समुद्राकडे चालायला लागलात की दोन्ही बाजूंना वाड्या सुरू होतात तो भाग. बोरिवली-दहिसरच्या बाजारात सकाळी जी वसईची केळी, वसईची भाजी, वसईचा मोगरा म्हणून आपण घेतो ना, ते सगळं तिथलं.

माझं आजोळ तिकडचं, निर्मळच्या पुढे. मामांची वाडी एका तुकड्यात नाही, तीन ठिकाणी विभागलेली, सगळं मिळून दीड एकराच्या आसपास. केळी, थोडी पानवेल, कडेने नारळ, आणि मामीची फुलं. पहाटेच्या लोकलने फुलं दादरला जायची, अजूनही जातात, फक्त आता नेणाऱ्या बायका कमी झाल्यात. राजेळी केळ्यांची सुकेळी घालायची म्हणजे अख्खं घर कामाला, सोलायची, उन्हात ठेवायची, उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, आणि ढग आले की सगळ्यांनी मिळून पळायचं. हे आठवणी काढायला सांगत नाहीये. ही वाडी विकास आराखड्यात हिरव्या रंगात आहे आणि त्या रंगाचा अर्थ काय होतो, त्याची किंमत कोण मोजतं, हे मला नीट लिहायचंय, कारण याबद्दल आपण शहरातले लोक फार पटकन मत बनवतो.

आराखडा म्हणजे डीपी, कुठली जमीन कशासाठी वापरायची ते रंगांनी दाखवणारा नकाशा, त्यात हिरवा म्हणजे शेती आणि पिवळा म्हणजे घरं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना, म्हणजे एमआरटीपी कायद्याखाली तो होतो. महापालिका किंवा जे कोणी नियोजन प्राधिकरण असेल ते मसुदा प्रसिद्ध करतं, ठरलेल्या मुदतीत लोकांनी हरकती-सूचना द्यायच्या, नियोजन समिती सुनावणी घेते, आणि शेवटी मंजुरी राज्य सरकारचा नगरविकास विभाग देतो. म्हणजे आपण ज्याला स्थानिक निर्णय म्हणतो त्याच्यावर शेवटची सही स्थानिक नसते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण गावात राग निघतो तो नगरसेवकावर नाहीतर सरपंचावर, आणि फाइल असते मंत्रालयात. शिवाय आराखडा मंजूर झाला म्हणजे संपलं असंही नाही, कलम ३७ खाली फेरबदल करता येतो, प्रादेशिक योजना असेल तर कलम २० खाली. नोटीस निघते, पेपरात बारीक अक्षरात छापून येते, मुदत संपते, आणि एखाद्या सर्व्हे नंबरचा रंग बदलतो. गावातल्या किती जणांपर्यंत ती नोटीस पोचते ते तुम्हीच विचार करा.

मुंबईचा २०३४ चा आराखडा आठवत असेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा आला, त्याच्यावर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून पुन्हा तयार करायला लावला, २०१६ मध्ये नवा मसुदा आला आणि मंजुरी २०१८ मध्ये. लोकांनी रांगा लावून हरकती दिल्या होत्या तेव्हा, आणि त्याचा परिणाम झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण त्याच आराखड्यात आधीच्या ना विकास क्षेत्राचा, म्हणजे जिथे बांधकामाला जवळपास मनाई होती त्या जमिनीचा, मोठा भाग परवडणाऱ्या घरांच्या नावाखाली बांधकामाला खुला झाला. घरं हवीतच, कोण नाही म्हणेल. मला खटकतं ते हे की ना विकास क्षेत्रात जे काय चाललेलं असतं, भात असेल, भाजी असेल, गुरांचा चारा असेल, मिठागर असेल, त्याची वेगळी नोंदच आराखडा घेत नाही. एकाच शिक्क्याखाली पडीक जमीन पण आणि चार पिढ्या कसलेलं शेत पण. मग पुढच्या वीस वर्षांनी आराखडा करणाऱ्याला ती सगळी जागा रिकामीच दिसणार.

वसईत हे लोकांनी फार आधी ओळखलं होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथली बरीच हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी करायचे निर्णय झाले, १९९० मध्ये सिडकोला, म्हणजे नवी शहरं वसवणाऱ्या सरकारी कंपनीला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, म्हणजे ग्रामपंचायतींच्या हातात जे काही होतं ते पण गेलं. त्याच्या विरोधात वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभं केलं ते आमच्या घरात नुसतं ऐकलेलं नाही, आजी त्या मोर्च्यांना गेलेली. लुगडं नेसलेल्या, डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणाऱ्या बायका बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या काळातल्या वसईत, आणि तेव्हा तिथे दहशत काय होती ते वसईकरांना वेगळं सांगायला नको. पश्चिम पट्टा आज जेवढा हिरवा आहे त्याचं बरंचसं श्रेय त्या आंदोलनाला आहे असं मी ठामपणे म्हणेन. मग २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं महापालिकेत नकोत म्हणून परत आंदोलन, २०११ मध्ये २९ गावं वगळायचा सरकारी निर्णय, त्यावर कोर्ट, वर्षानुवर्षं तारखा. फादर २०२४ मध्ये गेले. गावांचा प्रश्न त्यांच्या हयातीत गावांना हवा होता तसा काही सुटला नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला माझ्या मामेभावाने ऐकवली. गणपतीत सगळे जमलो होतो, मी नेहमीप्रमाणे हिरवा पट्टा टिकलाच पाहिजे वगैरे बोलत होते, तर तो म्हणाला, "ताई, तू बोरिवलीला चौदाव्या मजल्यावर राहून आमची वाडी वाचवतेस. माझ्या वाडीतून स्टेशनपलीकडच्या बिल्डिंगा दिसतात मला. त्यांच्या जमिनीचा रंग पिवळा निघाला, आमचा हिरवा. ते फ्लॅट घेऊन बसले, मी केळी मोजतोय."

यावर उत्तर द्यायला मला जमलं नाही, कारण त्याचं म्हणणं खरं आहे. नकाशावरच्या एका रेषेने एका कुटुंबाची जमीन कोटींची होते आणि बांधाला लागून असलेल्या दुसऱ्याची होत नाही. दोघांनी काहीच वेगळं केलेलं नसतं. हिरव्यातल्याला वर घर वाढवायचं तरी परवानगीची कटकट, दोन भाऊ वेगळे झाले की दुसरं घर कुठे बांधायचं हा प्रश्न, बँक जमिनीवर कर्ज देताना झोन दाखला बघून आकडा खाली आणते. मग एजंट येतो. टोकन देतो, साठेकरार करतो, कुलमुखत्यारपत्र करून घेतो, आणि म्हणतो झोन बदलायचं मी बघतो. शेतकऱ्याला मिळतो हिरव्याचा भाव, रंग बदलल्यावरचा फरक एजंटच्या खिशात. आणि रंग नाही बदलला तर भराव टाकून चाळी उभ्या राहतात, बेकायदा, कोणालातरी तिथे स्वस्तात खोली विकली जाते, आणि दहा वर्षांनी बुलडोझर आला की त्या कुटुंबाचं पण गेलं आणि शेत पण गेलेलंच असतं.

म्हणजे बंदी घालून शेत राखायचं असेल तर बंदीचा सगळा खर्च एकटा शेतकरी करतो. फायदा मात्र सगळ्यांना. ताजी भाजी, भूजल, आणि पुरापासून बचाव. पुराचं विशेष सांगते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या बंद, लाइट नाही, मिठागरातली कुटुंबं अडकून पडली. खाचरं आणि खाजणं ही पावसाचं पाणी उतरायची जागा, तिथे भराव पडला की ते पाणी दुसऱ्याच्या घरात जाणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला आपण बघितलाय, तरी सखल जमीन म्हणजे वाया जमीन असं अजून बोललं जातं.

मग करायचं काय? याचं उत्तर मुंबईतच पडलेलं आहे असं मला वाटतं, आणि ते मला सुचलं आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या वेळी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस समजावत होता की प्लॉटवर एवढा एफएसआय, म्हणजे जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, त्यावर एवढा टीडीआर बाहेरून विकत घेऊन लोड करणार, म्हणून इतके मजले. टीडीआर, म्हणजे विकास हक्कांचं हस्तांतरण. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून मुंबईत हे चालू आहे. कोणाची जमीन रस्त्याला किंवा बागेला गेली की त्याला पैशाऐवजी तेवढे बांधकामाचे हक्क सर्टिफिकेटवर मिळतात, ते तो विकू शकतो, आणि ते हक्क दुसरीकडे, आमच्यासारख्या उपनगरातल्या प्लॉटवर मजले म्हणून चढतात. मी ज्या घरात राहते त्याचा काही भाग असा कोणाच्यातरी जमिनीवरून उचलून आणलेला आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची तरतूद हेरिटेज इमारतींची. तुमची जुनी इमारत हेरिटेज यादीत आहे, पाडून टॉवर बांधायला मनाई आहे, म्हणून तुमचे जे बांधकामाचे हक्क वापरायचे राहून गेले ते टीडीआर म्हणून मिळू शकतात. इमारत तुमचीच राहते. शहराला ती हवी आहे, म्हणून शहर तुमचं नुकसान भरून देतं. किती सरळ आहे हे! मग शेताला हे का नाही? मामांच्या वाडीला पण शहर हेच सांगतंय की पाडू नको, आहे तसं ठेव. दगडाची भिंत राखणाऱ्याला मोबदला आहे, विहीर, बावखल (वाडीजवळचा पावसाचं पाणी साठवायचा खड्डा) आणि पानवेल राखणाऱ्याला नाही.

आणि हे कुठे झालेलं नाही असंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून माँटगोमेरी काउंटी आहे, मेरीलँड राज्यात. राजधानी वाढत वाढत शेतांपर्यंत आली तेव्हा १९८० मध्ये तिथल्या स्थानिक सरकारने ९३ हजार एकरांचं कृषी राखीव क्षेत्र ठरवलं. आधी तिथे पाच एकरांना एक घर बांधता यायचं, ते त्यांनी पंचवीस एकरांना एक केलं, म्हणजे बंदी बऱ्यापैकी कडक. पण त्याबरोबर शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क दिला, जो तो काउंटीच्या दुसऱ्या भागातल्या बिल्डरला विकू शकतो. हक्क विकला की जमिनीच्या कागदावर कायमची नोंद चढते, इथे शेतीच. शेतकरी मालक राहतो, पिकवतो, पोराला देतो, विकतो पण, फक्त शेत म्हणून. शंभर एकरवाल्याकडे वीस हक्क विकायला असतात, नुसता शिक्का नसतो. सगळं सुरळीत झालं असं नाही, हक्क कुठल्या भागात चढवायचे यावरून तिथेही वाद झाले, तिथल्या रहिवाशांना जास्त बांधकाम नको होतं. पण ते क्षेत्र चाळीस वर्षांनंतर अजून टिकून आहे.

तुम्ही म्हणाल तिथे शंभर एकराचे शेतकरी, इथे गुंठ्यांचा हिशोब. बरोबर आहे, म्हणून जपानकडे बघावं. तिथे मोठ्या शहरांच्या आत, अगदी टोकियोच्या नेरिमा वॉर्डात घरांच्या मध्ये शेतं आहेत, कोबीची, मुळ्याची. १९९२ पासून तिथल्या शहरी शेतकऱ्यांना एक निवड दिली गेली. ५०० चौरस मीटर, म्हणजे आपले पाच गुंठे, एवढं जरी शेत असलं तरी तीस वर्षं शेतीच करीन असं लिहून द्या, तर कर शेतीच्या दराने आणि वारसा करातही सवलत. नाही दिलं तर कर घरांच्या जमिनीचा. २०२२ ला ती तीस वर्षं भरत होती तर सरकारने आधीच, २०१७ मध्ये कायदा बदलला, महापालिकांना ही मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत आणायची मुभा दिली, शेतावर माल विकायचं दुकान चालेल असं केलं, आणि मुदत दहा-दहा वर्षांनी वाढवायची सोय केली. आपल्याकडे शेतसाऱ्याची गोष्ट वेगळी, त्यामुळे कराची सवलत जशीच्या तशी उपयोगाची नाही. मला त्यातलं घ्यावंसं वाटतं ते शेतकऱ्याने सही करून मुदतीत बांधून घेणं, आणि त्या मुदतीत सरकारने पण बांधलेलं असणं. आपल्याकडे शेतकरी बांधलेला आणि सरकार मोकळं.

वसईसाठी यात एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. मुंबई महापालिकेचे नियम वेगळे, वसई-विरारचे वेगळे. वसईचा टीडीआर बोरिवलीत चढत नाही. वसई-विरारच्या हद्दीतच तो वापरायचा म्हटलं तर हिरवा पट्टा राखायला विरार पूर्वेला अजून मजले चढणार, जिथे आताच पाणी आणि रस्ते पुरत नाहीत. पण वसईची भाजी मुंबई खाते, तर खर्चात मुंबईने भाग घ्यायला काय हरकत आहे? एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, त्याच्या प्रादेशिक योजनेत मुंबई पण येते आणि वसई पण. तर प्रादेशिक पातळीवर शेतीच्या हक्कांची एक बँक करावी, तिने ते हक्क शेतकऱ्याकडून ठरलेल्या किमान दराने थेट विकत घ्यावेत, आणि मेट्रोच्या स्टेशनांजवळ वाढीव बांधकाम देताना बिल्डरला त्यातला काही हिस्सा घ्यायला लावावा. किमान दर आणि थेट खरेदी हे दोन्ही नसेल तर हे सर्टिफिकेट पण एजंटच पहिल्या आठवड्यात निम्म्या भावाने उचलतील, याची मला खात्री आहे.

हे लांबचं वाटत असेल, पण न करण्याचा खर्च आपण रोज करतोय. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्ध्याला ठरली, तिथले शेतकरी उठले, मग डोंगरीला गेली, तिथे झाडांचा प्रश्न उभा राहिला. २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण नेमलं, तिथे परत हरकती, परत सभा. आणि तिकडच्या लोकांना १९८४ आठवतंय, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेलं जासईचं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच जण, आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना. ते मिळालं ते जमीन दिल्यावर मिळालं. जमीन न देता कसत राहणाऱ्यासाठी एवढ्या वर्षांत एकही योजना आली नाही.

पाण्याचं राहिलं. मामा म्हणतात झोन हिरवा ठेवून विहिरीचं पाणी टँकरने उपसून नेलं तर वाडी आपोआप मरते, कोणी रंग बदलायची गरजच नाही. समुद्राच्या एवढं जवळ गोडं पाणी उपसलं की खारं आत येतं, आणि पानवेलीला ते आधी कळतं, पानं पिवळी पडायला लागतात. बावखलं पण त्यासाठीच होती, प्रत्येक वाडीच्या बाजूला खड्डा, पावसाचं पाणी भरायचं, आजूबाजूच्या विहिरींना झिरपायचं. किती बावखलं बुजवली गेली आणि वर घरं झाली, ते गावातला कोणीही माणूस बोट दाखवून सांगेल. शेती राखीव म्हणून नेमायची तर तिच्याबरोबर तिथलं पाणी पण नेमलं पाहिजे, बावखल सर्व्हे नंबरसकट आराखड्यावर दिसलं पाहिजे आणि त्या क्षेत्रातून टँकरची विक्री बंद पाहिजे.

सिडकोने केलेला वसई-विरारचा आराखडा २००१ ते २०२१ चा होता. नवा हरकतींसाठी येईल तेव्हा वर लिहिलेलं सगळं सूचना म्हणून द्यायचं मी ठरवलंय, आणि तुमचं कोणी तिकडे असेल तर तुम्ही पण द्या. फक्त 'हिरवा पट्टा वाचवा' एवढं लिहू नका. सर्व्हे नंबर लिहा, क्षेत्र लिहा, काय पिकतं ते लिहा, विहीर आहे का लिहा, सातबाऱ्याची प्रत लावा, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा, कारण सुनावणीत जो येत नाही त्याची हरकत निकालात काढायला दोन मिनिटं लागत नाहीत.

मामेभावाला माझ्या सूचनेचा मसुदा वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतला, मग म्हणाला, मोबदल्याचं तू पाचव्या पानावर टाकलंयस, ते पहिल्या पानावर घे, आणि मुदत तीस वर्षं म्हणतेस तर माझ्या पोराला विचारून लिही, तीस वर्षं त्याला काढायचीत. पोरगा अकरावीत आहे. पुढच्या रविवारी जाणार आहे, त्याच्याशी बोलायला.